खिशातला चाकू घेताना मी सांधा बघते

घडीचा चाकू विकत घेताना मी धार बघत नाही. धार घरी लावता येते. मी पातं पूर्ण उघडते, मूठ डाव्या हातात घट्ट धरते आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत पात्याची पाठ टोकाजवळ पकडून ते आडवं हलवून बघते. मग वर-खाली. नवा कोरा चाकू यांपैकी कुठेही डुगडुगला तर तो काउंटरवर परत ठेवते, मग पात्यावर कुठल्याही पोलादाचं नाव कोरलेलं असो. घडीचा चाकू निकामी होतो तो बहुतेक वेळा सांध्यात, म्हणजे पातं ज्या रिव्हेटवर किंवा स्क्रूवर फिरतं तिथे. तिथे केसभर फट पडली की ती रोज वाढते. लॉक नीट बसत नाही, पातं मिटताना मुठीच्या कडेला घासतं आणि चांगली धारसुद्धा वाकडी चालते.

मी नागपुरात लोकांच्या घरच्या बागा सांभाळते. धरमपेठेतली जुनी आवारं, मनीषनगरातल्या गच्च्या, बेसा रस्त्याकडच्या सोसायट्यांच्या बाल्कन्या. शिवाय काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, तिथे सुटीच्या दिवशी जाणं होतं. चाकू सकाळी खिशात पडतो तो रात्रीच निघतो. दिवसभरात त्याने ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापायची, खताच्या गोणीची शिलाई उसवायची, केबल टाय तोडायचे, ग्रीन नेट फाडायचं, सुतळी आणि पार्सलची टेप कापायची, आणि धुऊन-पुसून दुपारच्या डब्याबरोबर मोसंबी किंवा पेरू चिरायचा. संत्र्याला चाकू लागत नाही, आपल्या संत्र्याची साल नखाने सुटते. मोसंबीचं तसं नाही.

इतक्या कामांना पुरेल, खिशाला जड होणार नाही आणि वर्षानुवर्षं टिकेल असा एक चाकू कोणता, याचं उत्तर मला वापरूनच मिळालं. ते इथे मांडते.

बाजारापासून सुरुवात करते. इतवारीत लोहा ओळीत गेलात तर घडीचे चाकू दीड-दोनशे रुपयांपासून मिळतात. बर्डीच्या मेन रोडवर फुटपाथवरही लाल प्लॅस्टिकच्या मुठीचे, एकात दहा-अकरा अवजारं असलेले विकायला असतात. लोहा ओळीतल्या एका जुन्या दुकानात मी बराच वेळ उभी होते. दुकानदार काकांनी आधी कागद कापून दाखवला.

"पाहा ताई, कशी धार आहे!"

"धार राहू द्या काका, याच्यातलाच दुसरा नग दाखवा."

त्यांनी दुसरा दिला, तिसरा दिला. मी प्रत्येकाचं पातं हलवून बाजूला ठेवत होते. शेवटी ते म्हणाले, "नेमकं काय पाहून राहिल्या तुम्ही?" मी दाखवलं. त्यांनी स्वतः हलवून पाहिलं आणि म्हणाले, "अजी, हे तर हातोडीनं ठोकून देतो, एकदम टाइट होते." त्यांच्या मनात फसवणूक नव्हती, खरंच ठोकून टाइट होतं. पण फार दिवस राहत नाही, आणि त्याचं कारण आत असतं. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या असतात. स्वस्त चाकूत हा पत्रा इतका पातळ असतो की पात्याच्या जोराने रिव्हेटचं भोक हळूहळू लांबट होतं. रिव्हेट ठोकून चपटं केलं तरी भोक काही गोल होत नाही. काही दिवस पातं जड चालतं आणि पुन्हा सैल पडतं. मग मी त्याच काकांना सरळ विचारलं, जाड पट्टीचा कोणता आहे? त्यांनी मागच्या कप्प्यातून शिंगासारख्या मुठीचा, एकाच पात्याचा, पितळी पट्टीचा एक साधा चाकू काढला. दिसायला काही खास नाही, कंपनीचं नाव नाही, पण पितळ चांगलं जाड, रिव्हेट दोन्ही बाजूंनी भरीव आणि पातं अजिबात हललं नाही. तो मी घेतला. आजही तो घरच्या अवजारांच्या पेटीत आहे आणि सुतळी कापायला उत्तम चालतो. ज्यांना तीनशेच्या वर खर्च करायचा नाही त्यांनी असाच शोधावा: अवजारं कमी, पट्टी जाड, एकच पातं. अकरा अवजारांच्या चाकूत त्याच किमतीत अकरा पाती बसवायची असतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पत्रा किती येणार ते उघड आहे. आणि दुकानात चार नग हलवून बघायला लाजू नका. चांगला दुकानदार हलवू देतो.

पोलादाबद्दल थोडं सांगते, कारण ऑनलाइन जाहिरातींत सगळा भर त्यावरच असतो. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं असेल तर त्यावरून धार किती टिकेल हे मुळीच कळत नाही. स्टेनलेस म्हणजे पोलादात क्रोमियम पुरेसं आहे, साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर, एवढंच. धार टिकणं हे कार्बनवर आणि पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून थंड करून ते कडक कसं केलंय, त्यावर ठरतं. त्याच पोलादाचं पातं एका कारखान्यातून मऊ निघतं आणि दुसऱ्यातून कडक. कडकपणा रॉकवेल मापावर सांगतात. रोजच्या कामाच्या चाकूला ५५ ते ६० च्या दरम्यानचा आकडा बरा. त्याहून मऊ असेल तर धार लवकर वळते, फार कडक असेल तर तारेला लागून खांडे पडतात आणि घरी धार लावताना जीव मेटाकुटीला येतो.

डी-२ नावाचं पोलाद सध्या स्वस्त ऑनलाइन चाकूंत फार दिसतं. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम सुमारे बारा टक्के. आकडा बघून ते गंजणार नाही असं वाटतं, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनबरोबर कार्बाइडच्या रूपात बांधलं गेलेलं असतं, गंज अडवायला मोकळं उरत नाही. धार मात्र दीर्घकाळ टिकते, यात शंका नाही. मी असा एक काळ्या मुठीचा चाकू काही काळ वापरला, कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. ठिबकच्या नळ्यांवर तो अप्रतिम चालला. पण पावसाळ्यात एक रात्र ओल्या हातमोज्याबरोबर राहिला आणि सकाळी पात्यावर तपकिरी ठिपके. शिवाय त्याचं लॉक आतल्या पट्टीचं होतं. पातं उघडलं की एक स्प्रिंगची पट्टी सरकून पात्याच्या टाचेमागे अडकते, ते. शहरात पार्सलं उघडायला हे लॉक सोयीचं आहे, एका हाताने मिटतं. आमच्याकडची काळी माती मात्र ओली असताना गोंदासारखी आत शिरते आणि वाळली की दगड होते. पट्टीच्या वाटेत ती साचली की पट्टी अर्ध्यावर थांबते, आणि वरून बघताना लॉक बसल्यासारखंच दिसतं. बोटं ज्या लॉकच्या भरवशावर ठेवायची ते अर्धवट बसणारं असेल, तर ते शेतात नको, असं माझं ठाम मत झालं.

त्या चाकूची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. सांध्याला रिव्हेटऐवजी स्क्रू होता. चांदणीच्या आकाराच्या तोंडाचा, टी-८ मापाचा. पातं सैल झालं की पाव फेरा आवळायचं, जड झालं की सोडायचं, आणि वर्षातून एकदा पूर्ण उघडून आतली माती काढायची. तसा स्क्रूड्रायव्हर लोहा ओळीत मिळतो, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडेही असतो. तुम्हाला उघड-जोड करायला आवडत असेल तर स्क्रूचाच सांधा घ्या. फक्त स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून त्याच्या आट्यांवर निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक बारीक थेंब लावा, आणि तो सांध्याच्या वॉशरवर सांडू देऊ नका.

आता माझ्या खिशात खरोखर राहिलेले दोन चाकू.

पहिला ओपिनेल, आठ नंबरचा. फ्रान्सच्या सावोआ भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू बनवला आणि अजूनही त्याचा आकार जवळपास तसाच आहे. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोल मूठ, आठ नंबरला साडेआठ सेंटिमीटरचं पातं, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. १९५५ मध्ये त्याला एक फिरतं कडं लावलं गेलं. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, पातं जागच्या जागी. २००० पासून मिटलेलं पातंही त्याच कड्याने अडकवता येतं, म्हणजे खिशात आपोआप उघडण्याची भीती नाही. या कड्यात स्प्रिंग नाही, आत लपलेला भाग नाही. माती साचली तर डोळ्यांना दिसते आणि जुन्या दातांच्या ब्रशने निघते. मला हे लॉक सगळ्यांत विश्वासाचं वाटतं, कारण ते बसलंय की नाही हे बोटाला कळतं.

पातं पातळ आहे, आणि खाण्याच्या गोष्टी कापताना हा पातळपणा फार सुखाचा. मोसंबीची फोड रस न सांडता निघते. पेरूच्या चकत्या, काकडी, लिंबू सगळं सहज. पण पातळ पातं उचकटायला वापरायचं नसतं. रंगाच्या डब्याचं झाकण उघडायला किंवा कुंडीतला दगड काढायला ते घातलंत तर टोक मोडेल, आणि तो दोष चाकूचा नसेल.

ओपिनेल दोन पोलादांत मिळतो: साधं कार्बन पोलाद आणि स्टेनलेस. परदेशातले जाणकार कार्बनचं फार कौतुक करतात, कारण त्याला धार पटकन लागते. नागपूरकरांनी विचार करून घ्यावं. लिंबूवर्गीय फळाचं आम्ल कार्बन पोलादाला काही मिनिटांत काळं-निळं करतं. तो रंग स्वतः वाईट नाही, उलट जमलेला थर पुढच्या गंजाला थोडा आळा घालतो. पण रस तसाच वाळू दिला तर फळाला लोखंडाची चव येते. शिवाय घाम. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तितका नसला तरी दर मे महिन्यात हाताला जो घाम सुटतो त्यातलं मीठ पात्यावर बसतंच. घरी सावलीत वापरणार असाल, वापरल्यावर पुसायची सवय असेल, तर कार्बन घ्या. खिशातून दिवसभर फिरणार असेल तर स्टेनलेस, त्यांचं १२ सी २७ नावाचं स्वीडिश पोलाद. धारेत फरक आहे, पण रोजच्या कामात तो जाणवत नाही.

लाकडी मुठीचं एक बघावं लागतं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग खाचेत पातं आवळलं जातं आणि नखाने उघडत नाही. सावोआतले लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकंच आपटतात, तसं केलं की पातं थोडं बाहेर येतं आणि बोटांत धरता येतं. पावसाळ्याआधी मी मुठीला आणि खाचेत जवसाचं तेल दोन-तीनदा पुसून घेते, प्रत्येक वेळी मध्ये पूर्ण वाळू देते. आपल्याकडे जवस घराघरात असतं, तेल मिळायला अडचण नाही. पण तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर ते फडकं दोरीवर पसरूनच वाळवावं. हा चाकू पाण्यात भिजत ठेवायचा नाही, भांड्यांबरोबर तर कधीच नाही.

दुसरा चाकू व्हिक्टोरिनॉक्सचा 'फार्मर'. ९३ मिलिमीटरची, उठावाची नक्षी असलेली ॲल्युमिनियमची मूठ, त्यात एक पातं, एक करवत, डबा उघडायचं, बाटली उघडायचं आणि टोच्या. लाल प्लॅस्टिकचा स्विस चाकू सगळ्यांच्या ओळखीचा आहे, हा त्याचा कमी बोलबाला असलेला भाऊ. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे कार्यशाळा काढली, १८९१ मध्ये तिथून सैनिकांचे चाकू जाऊ लागले. कंपनीचं आजचं नाव त्यांच्या आईच्या, व्हिक्टोरियाच्या, नावाला स्टेनलेससाठीचा 'इनॉक्स' हा शब्द जोडून १९२१ मध्ये झालं.

याचा सांधा रिव्हेटचाच आहे, आवळता येत नाही. तरीही माझ्या कसोटीत तो पहिला येतो. मधल्या पट्ट्या सरळ, रिव्हेट भरीव आणि प्रत्येक पात्याच्या पाठीला जाड स्प्रिंग, ती पातं उघडं असताना आणि मिटलेलं असतानाही दाबून धरते. पातं उघडताना आणि मिटताना जो 'टक्' आवाज येतो तो या स्प्रिंगचा. माझ्या चाकूचं पातं मी आजही त्याच दोन बोटांनी हलवून बघते, हलत नाही. माती शिरली तर कोमट पाण्यात बुडवून पाती चार-सहा वेळा उघडायची-मिटायची, घाण आपोआप बाहेर येते. मग पुसून, उन्हात वाळवून तेलाचा एक थेंब. लाकडी मुठीला हे जमलं नसतं.

पोलाद रॉकवेल ५५-५६ च्या आसपासचं, म्हणजे मऊकडे झुकणारं. धार ओपिनेलपेक्षा लवकर उतरते, हे मान्य. पण दगडावर आठ-दहा हात मारले की परत येते, आणि गंजाचा प्रश्न जवळजवळ नाही. करवतीने अंगठ्याएवढी फांदी स्वच्छ कापली जाते. मोगऱ्याची, जास्वंदाची वाळलेली खोडं मी तिनेच काढते.

याला लॉक नाही, आणि तेच कुणाला खटकू शकतं. कापण्याच्या कामात जोर धारेच्या दिशेने असतो, त्याने पातं उघडंच राहतं. टोक खुपसण्याच्या कामात मात्र पातं बोटांवर मिटू शकतं. त्यामुळे गोणीला भोक पाडायचं असेल तर मी टोच्या वापरते आणि तोही मूठ नीट धरून, सरळ दाबून. ज्यांच्या हातून खुपसण्याची कामं वरचेवर होतात त्यांनी लॉकचाच चाकू घ्यावा, माझ्या आवडीवर जाऊ नये.

किंमत म्हणाल तर ओपिनेल फार्मरपेक्षा बराच स्वस्त पडतो. मला फार्मरचे पैसे वसूल झाले आहेत. ज्याला फक्त फळं, दोरी आणि पार्सलं कापायची आहेत त्याला ओपिनेल भरपूर झाला.

बागेच्या कामाचा एक वेगळा मुद्दा आहे. डोळे भरायच्या, म्हणजे कलम करायच्या, कामाला खिशातला चाकू वापरू नका. जंबेरीच्या (लिंबाच्याच जातीतल्या झाडाच्या) खुंटावर इंग्रजी 'टी'च्या आकाराची चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवायचा, तर धार एका बाजूने घासलेली आणि वस्तऱ्यासारखी लागते. ज्याने सकाळी केबल टाय तोडला त्या पात्याने साल फाटते आणि डोळा धरत नाही. कलमाचा घडीचा चाकू वेगळा ठेवा, त्याने सुतळीसुद्धा कापू नका. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, झालेल्या झाडाची सडकी साल खरवडायला मात्र मी फार्मरच घेते. ते झाल्यावर खोडाला बोर्डो पेस्ट लावायची: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. हे करताना चाकू दूर ठेवा. मोरचुदाचं पाणी लोखंडाला लागलं की पात्यावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि खालचं पोलाद खाल्लं जातं. एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून पातं पुसावं लागतं, त्यासाठीही ब्लीचिंगचं पाणी नको, त्याने स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसावर घ्या, काम होतं आणि पातं सुरक्षित राहतं.

धार लावण्याबद्दल माझा आग्रह आहे की ती स्वतः लावायला शिका. गल्लीत सायकलवर शाण घेऊन येणारे धारवाले कात्री आणि विळ्यासाठी उत्तम, त्यांच्या हाताला जाण असते. पण घडीच्या चाकूचं पातं पातळ असतं, कोरड्या शाणावर ते क्षणात तापतं. धारेवर निळी झाक दिसली की समजावं, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, आता तिथली धार टिकणार नाही. घरी एक हजार नंबरचा पाण्याचा दगड पुरे. तो नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी नसलेली खरबरीत कडाही रोजच्या हलक्या धारेला चालते. कोन साधारण वीस अंशांचा. तो कसा ओळखायचा? चौकोनी कागदाचा कोपरा घ्या, तो दुमडला की पंचेचाळीस अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. तो त्रिकोण दगडावर उभा ठेवून पातं त्याच्या कलाने टेकवा, डोळ्याला कोन बसतो. दोन्ही बाजूंना सारखे हात मारा, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा फिरवा.

सांध्याला तेल कोणतं? शिलाई मशीनचं तेल सगळे सुचवतात आणि ते चालतं, पण त्या पात्याने फळ कापायचं असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. ते खवट होत नाही, चिकट होत नाही. खोबरेल तेल मी टाळते. डिसेंबरच्या थंडीत ते सांध्यातच थिजतं आणि पातं जड चालतं. तेल एक थेंबच, आणि वरचं पुसून काढायचं, नाहीतर आपल्याकडची धूळ त्यावर बसून घासणारा लगदा तयार होतो.

कायद्याचं मनात ठेवून चाकू निवडा. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं परवान्याच्या कक्षेत येतं, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपला साडेतीन इंचांच्या आतला चाकू त्या मापाच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि त्यांत चाकूचाही उल्लेख असतो. त्या दिवसांत तो खिशात न ठेवता अवजारांच्या पिशवीत, हातमोजे आणि कात्रीबरोबर ठेवावा, आणि मिरवणुकीत किंवा गर्दीत जायचं असेल तर घरीच. विमानाने जाताना हातातल्या बॅगेत तो चालत नाही, चेक-इनच्या सामानात घाला. आणि कृपा करून खटक्याचा, बटण दाबून उघडणारा चाकू घेऊ नका. रामपुरीच्या नावाने लोकांच्या मनात जे बसलंय ते त्या आवाजाने जागं होतं, आणि कामाच्या दृष्टीने तर त्यात आणखी एक स्प्रिंग बिघडायला वाढते. रुपेरी किंवा लाकडी मुठीचा चाकू काढून ग्राहकाच्या दारात सुतळी कापली तर कुणी दचकत नाही. काळ्या, दातेरी, कवटी कोरलेल्या चाकूने आजीबाई दार लावून घेतील, आणि त्यांचं बरोबरच आहे.

माझ्याबरोबर काम करणारा मुलगा डावखुरा आहे. त्याच्यासाठी चाकू घेताना मला कळलं की बहुतेक चाकूंची नखाची खाच उजव्या हाताच्या अंगठ्याच्या सोयीची असते आणि आतल्या पट्टीचं लॉकही उजव्या हातासाठीच बनवलेलं असतं, डाव्या हाताने ते सोडताना बोट पात्याच्या वाटेत येतं. ओपिनेलचं कडं मात्र कुठल्याही हाताने फिरतं. त्याला मी आठ नंबरचा, स्टेनलेस घेऊन दिला. तो पातं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून उघडतो, खाच वापरतच नाही. घेताना दुकानात त्याने सहा नग हलवून बघितले आणि पाचवा निवडला.